वारशात आलेली युद्धे आणि माळव्याची सनद : नानासाहेब पेशव्यांची कारकीर्द

धारच्या पश्चिमेला, सरदारपूर-राजगढच्या परिसरात अमझेरा नावाचे गाव आहे. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी अप्पांच्या फौजेने येथे माळव्याचा मुघल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. गिरिधर बहादूर आणि त्याचा चुलतभाऊ दया बहादूर असे दोघेही या संग्रामात कामास आले. विंध्य ओलांडून मराठे माळव्यात घट्ट पाय रोवून उभे राहिले, ते या लढाईनंतर. मात्र लढाई जिंकल्याने माळवा कायमचा हाती आला, असे झाले नाही. त्या मुलखावर मराठ्यांचा हक्क दिल्लीकडून मान्य करून घेण्यास आणखी जवळजवळ तेरा वर्षे लागली. ते काम ज्यांच्या हातून पार पडले, ते अमझेऱ्याच्या वेळी बालवयात होते. ते म्हणजे थोरल्या बाजीरावांचे ज्येष्ठ पुत्र बाळाजी बाजीराव उर्फ नानासाहेब पेशवे. १८५७ च्या उठावातील नानासाहेबांशी त्यांची गल्लत होऊ नये. त्या नानासाहेबांचा काळ या पेशव्यांच्या निधनानंतर सुमारे शंभर वर्षांनी येतो.

नानासाहेबांच्या नावाबरोबर मराठी मनाला प्रथम आठवते ते पानिपत. त्या एका पराभवाच्या छायेत त्यांच्या कारकिर्दीचा आरंभ झाकोळून गेला आहे. वास्तविक, चालू असलेली युद्धे वारशात मिळालेल्या नव्या कारभाऱ्याने काय करावे आणि काय करू नये, या दोन्ही गोष्टींचा धडा त्यांच्या एकवीस वर्षांच्या कारभारात सापडतो.

त्यांची जडणघडण रणांगणापेक्षा दरबारात अधिक झाली. वडील बहुतेक काळ मोहिमांवर असत. नानासाहेबांना छत्रपती शाहू महाराजांचा सहवास साताऱ्यात लाभला आणि काका चिमाजी अप्पांच्या देखरेखीखाली हिशेब, पत्रव्यवहार व कारभाराचे शिक्षण मिळाले. घोडदौडीत त्यांना पित्याची सर नव्हती, पण कागदाचे मोल त्यांना ठाऊक होते. या घराण्याचा उदयच मुळी कागदाच्या बळावर झाला होता. त्यांचे आजोबा बाळाजी विश्वनाथ यांनी १७१९ मध्ये दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या होत्या.

२८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे थोरल्या बाजीरावांचा मृत्यू झाला. त्या वेळी चिमाजी अप्पा आणि नानासाहेब कोकणात होते. आंग्रे बंधूंच्या भाऊबंदकीत मानाजीच्या मदतीसाठी त्यांना कुलाब्याकडे जावे लागले होते. तेथेच त्यांना ही दुःखद वार्ता कळली. नानासाहेब तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते. पेशवेपद आपोआप मिळणारे नव्हते. नागपूरकर रघूजी भोसल्यांचा पाठिंबा असलेले बाबूजी नाईक बारामतीकर हे त्या पदासाठी उत्सुक होते. बाजीरावांना लाखो रुपयांचे कर्ज देणाऱ्या सावकारांपैकी ते एक होते. अखेर शाहू महाराजांनी दोन-तीन महिन्यांच्या आत नानासाहेबांना पेशवाईची वस्त्रे दिली.

वस्त्रांबरोबर जे हाती आले, ते विलक्षण गुंतागुंतीचे होते. दक्षिणेत निजामाचा पुत्र नासिरजंग याच्याशी झालेल्या तहाची शाई जेमतेम वाळली होती. तो तह बाजीरावांनी मृत्यूपूर्वी दोनच महिने मुंगी-शेवगाव येथे केला होता. कर्नाटकात रघूजी भोसल्यांची मोहीम चालू होती. कोकणात आंग्र्यांचा तंटा धुमसत होता. पोर्तुगीजांशी युद्ध थांबले होते, पण तहाची कलमे ठरायची होती. उत्तरेत माळवा ताब्यात होता, पण त्याला कायदेशीर आधार नव्हता. या सर्वांवर कर्जाचा डोंगर होता. फौजांचे पगार थकले की सरदार नव्या मुलखाकडे पाहत. नवा मुलूख घ्यायचा तर नवे कर्ज काढावे लागे, आणि ते फेडण्यासाठी पुन्हा नवी मोहीम निघे. नानासाहेबांच्या हाती आलेला वारसा विजयांचा होता, तसाच या चक्राचाही होता.

यातील पोर्तुगीजांचे प्रकरण गोमंतकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. १७३७ च्या मार्चमध्ये ठाणे जिंकून चिमाजी अप्पांनी उत्तर कोकणातील युद्धाला तोंड फोडले आणि मे १७३९ मध्ये वसई घेतली. त्याच काळात इचलकरंजीचे व्यंकटराव घोरपडे यांच्या फौजा गोव्यात उतरल्या. साष्टीत शिरून त्यांनी मडगाव घेतले आणि राशोलच्या किल्ल्यास वेढा घातला. व्यंकटराव हे बाजीरावांच्या भगिनी अनुबाई यांचे यजमान, म्हणजे नानासाहेबांच्या आत्याचे पती होते. गोव्यातील या दबावामुळे पोर्तुगीजांना वसईच्या मदतीस पुरेसे बळ पाठवता आले नाही. युद्ध संपले तेव्हा ठाण्याची साष्टी मराठ्यांकडे गेली होती आणि गोव्याच्या साष्टीवरही मराठी फौजांची पकड होती.

अशा वेळी नव्या पेशव्यांपुढे दोन वाटा होत्या. गोव्यातील लढा पुढे रेटायचा, किंवा जे पदरी पडले ते पक्के करून तेथील फौज मोकळी करायची. काका-पुतण्यांनी दुसरी वाट धरली. मुंबईकर इंग्रजांच्या मध्यस्थीने १७४० मध्ये तह झाला. पोर्तुगीजांनी चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या स्वाधीन करावे आणि मराठ्यांनी गोव्याची साष्टी सोडावी, असा त्याचा मुख्य आशय होता. दमण पोर्तुगीजांकडेच राहिले. या निर्णयाने गोव्याचा पुढील दोन शतकांचा इतिहास कोणत्या दिशेने गेला, हे आज सहज दिसते. मात्र त्या क्षणी पुण्याच्या नजरेसमोर माळवा होता, आणि दोन्ही टोकांना एकाच वेळी फौजा पोसण्याइतका पैसा खजिन्यात नव्हता. १७४० च्या डिसेंबरात चिमाजी अप्पाही निवर्तले. त्यानंतर निर्णयाची सारी जबाबदारी एकट्या नानासाहेबांवर आली.

माळव्याचा प्रश्न समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. अमझेऱ्याच्या विजयानंतर १७३२ च्या सुमारास बाजीरावांनी माळव्याची वाटणी आपल्या सरदारांत केली. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे यांच्याबरोबर पवार घराण्यालाही भाग मिळाला. धार आनंदराव पवारांच्या शाखेकडे गेले. देवास तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंकडे गेले, आणि पुढे तेथे थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदली. हे सरदार मुलखाचा वसूल घेत आणि त्यावर फौज बाळगत. परंतु दिल्लीच्या दृष्टीने ते आक्रमकच होते. बादशहाचा सुभेदार वेगळा, प्रत्यक्ष वसूल घेणारा वेगळा. जमीनदार आणि रयत या दोहोंच्या मध्ये सापडत असत.

बाजीरावांनी हा पेच तलवारीने सोडवू पाहिला. १७३७ मध्ये ते थेट दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकले. पाठोपाठ भोपाळजवळ त्यांनी निजामाला कोंडीत पकडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा येथे त्याच्याकडून माळव्याचा सुभा, नर्मदा ते चंबळ या टापूवरील सत्ता आणि ५० लाख रुपये मिळवून देण्याचे लेखी वचन घेतले. परंतु त्या वचनावर बादशहाची मोहोर उमटण्यापूर्वीच नादिरशहा हिंदुस्थानात उतरला. फेब्रुवारी १७३९ मध्ये कर्नालला मुघलांचा पराभव झाला, दिल्ली लुटली गेली आणि दोराह्याचा कागद तसाच पडून राहिला. वर्षभरात बाजीरावही गेले. मुलाच्या वाट्याला आला तो जिंकलेला, पण कोणीही मान्य न केलेला माळवा.

नानासाहेबांनी येथे जी रीत वापरली, ती त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत निर्दोष म्हणता येईल. प्रथम त्यांनी निजामाची भेट घेऊन दक्षिणेची बाजू शांत ठेवली. नंतर मोठ्या फौजेनिशी ते उत्तरेकडे गेले. ती फौज लढण्यापेक्षा दाखवण्यासाठी अधिक होती. आणि त्यांनी योग्य मध्यस्थ निवडला. जयपूरचे सवाई जयसिंग हे स्वतः माळव्याचे सुभेदार राहिले होते. हा प्रांत मराठ्यांकडून परत घेणे शक्य नाही, हे त्यांना इतर कोणत्याही मुघल अधिकाऱ्यापेक्षा चांगले कळत होते. मे १७४१ मध्ये धोलपूर येथे दोघांच्या भेटी झाल्या. त्याच वर्षी बादशहा मुहम्मदशहाने माळव्याचा अधिकार पेशव्यांना देणारी फर्माने काढली.

या व्यवस्थेची रचना पाहण्यासारखी आहे. सुभेदार म्हणून शहाजादा अहमद याचे नाव घालण्यात आले आणि पेशवे त्याचे नायब ठरले. बादशहाची प्रतिष्ठा कागदावर शाबूत राहिली आणि मुलूख प्रत्यक्षात मराठ्यांकडे आला. मोबदल्यात पेशव्यांनी बादशाही मुलखास उपद्रव न देण्याचे, एका सरदाराबरोबर ५०० स्वार दरबारी ठेवण्याचे आणि प्रसंग पडल्यास आणखी ४००० स्वार बादशहाच्या खर्चाने मदतीस पाठवण्याचे मान्य केले. याहून लक्षणीय गोष्ट जामिनाची होती. राणोजी शिंदे, मल्हारराव होळकर, यशवंतराव पवार आणि पिलाजी जाधव या चौघांनी लेखी हमी दिली की, पेशव्यांनी करार मोडल्यास आपण त्यांची चाकरी सोडू. यशवंतराव हे धारच्या आनंदरावांचे पुत्र. युद्धावर ज्यांचा चरितार्थ चालत होता, त्या सरदारांनाच शांततेचे जामीनदार करण्याची ही युक्ती होती. तह केवळ पेशवे आणि बादशहा यांच्यात राहिला नाही. माळव्यात ज्यांची मुळे रुजली होती, त्या प्रत्येकाचे हित त्यात गुंतले.

कारकिर्दीच्या पहिल्या दोन वर्षांत नानासाहेबांनी अशा प्रकारे वडिलांची दोन मोठी युद्धे कागदावर आणून मिटवली. पुढेही त्यांनी हीच रीत काही काळ पाळली. रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ मध्ये बंगालवर चालून गेल्या, तेव्हा बादशहाने माळव्याच्या कराराकडे बोट दाखवून पेशव्यांची मदत मागितली. १७४३ मध्ये नानासाहेब स्वतः बंगालमध्ये गेले, नवाब अलिवर्दीखानास भेटले, त्याच्याकडून २२ लाख रुपये घेतले आणि रघूजींच्या फौजेस हुसकून लावले. एक मराठा सेनानी दुसऱ्या मराठा सेनानीवर परमुलखात चालून जातो, हे दृश्य विचित्रच होते. शाहू महाराजांनी दोघांना बोलावून त्याच वर्षी दोघांची कार्यक्षेत्रे आखून दिली. बंगालची बाजू रघूजींकडे आणि माळव्यासह उत्तरेची बाजू पेशव्यांकडे आली. वाद मिटला, कारण तो मिटवण्याचा अधिकार असलेली व्यक्ती साताऱ्यात बसली होती.

नंतर मात्र चित्र पालटले. १७४३ च्या शरदात सवाई जयसिंग वारले आणि जयपूरच्या गादीसाठी ईश्वरीसिंह व माधोसिंह या सावत्र भावांत कलह पेटला. बाजीरावांनी रजपुतांशी जोडलेला स्नेह माळव्याच्या यशामागचा खरा आधार होता. तो जपायचा, की या भांडणातून पैसा उभारायचा, असा प्रश्न पेशव्यांपुढे आला. शिंदे-होळकरांचे कल वेगवेगळे होते आणि कर्ज वाढत होते. १७४८ मध्ये नानासाहेब स्वतः उत्तरेत गेले, तरी त्यांनी स्पष्ट धोरण आखून सरदारांना त्यात बांधून घेतले नाही. धोलपूरला जे केले, ते येथे झाले नाही. थकलेल्या खंडणीसाठी मल्हाररावांची फौज जवळ आली असता, १७५० च्या डिसेंबरात ईश्वरीसिंहाने आत्महत्या केली. माधोसिंह गादीवर आला, पण पुढच्याच महिन्यात जयपूर शहरात वावरणाऱ्या मराठ्यांवर लोक तुटून पडले आणि मोठी कत्तल झाली. ज्याला मदत केली, त्याचीच प्रजा वैरी झाली होती.

डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले होते. त्यामुळे साऱ्या मराठी सत्तेचे सूत्र पुण्याकडे आले. अधिकार वाढला, पण सरदारांच्या तंट्यात निवाडा देणारे सर्वमान्य स्थानही नाहीसे झाले. पुणे शहर या काळात भरभराटीस आले. पर्वतीवर देवालय उभे राहिले, कात्रजच्या तलावातून शहराला पाणी आले, दफ्तराची शिस्त बसली. दिवाणी कारभारात नानासाहेबांची दृष्टी बारीक होती. उत्तरेची युद्धे मात्र त्यांनी दुरूनच चालवली. १७४८ नंतरच्या दशकात त्यांचे स्वतःचे लक्ष प्रामुख्याने दक्षिणेकडे राहिले.

कोकणातही जुन्या तंट्याचा शेवट त्यांनी इंग्रजांच्या मदतीने केला. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते, हे खरे. पण १७५५ मध्ये मुंबईकरांशी करार करून फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर जी संयुक्त मोहीम झाली, तिच्यात मराठ्यांचे आरमार बंदरातच जळाले. घरचा बंडखोर नमला. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवू शकेल असे मराठी बळ मात्र उरले नाही.

उत्तरेत १७४१ च्या कराराचा विस्तारही असाच विचार न करता झाला. माळव्याच्या बदल्यात प्रसंगी ४००० स्वार पाठवण्याची जबाबदारी मर्यादित होती. एप्रिल १७५२ मध्ये वजीर सफदरजंगाच्या पुढाकाराने शिंदे-होळकरांनी जो करार केला, त्यात ५० लाख रुपये आणि आग्रा-अजमेरच्या सुभ्यांच्या बदल्यात साऱ्या बादशाहीचे रक्षण मराठ्यांनी पत्करले. शत्रू होता अहमदशहा अब्दाली. बादशहाने त्याच सुमारास अब्दालीला पंजाब देऊन टाकला होता. म्हणजे जो प्रांत यजमानाने सोडला, तो राखण्याचे ओझे पाहुण्याच्या शिरी आले. बादशहाच्या खर्चाने जावयाचे स्वार पुढे स्वतःच्या कर्जाने जाऊ लागले. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्याने जाट दुखावले, मारवाडच्या भानगडीत १७५५ मध्ये जयाप्पा शिंदे मारले गेले, आणि १७५८ मध्ये रघुनाथरावांनी पंजाबात मारलेली धडक खजिन्यावर आणखी भार टाकून परतली. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले, तेव्हा माघारीची वाट उरली नव्हती.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत उदगीर येथे सदाशिवरावभाऊंनी निजामावर मोठा विजय मिळवला होता. त्या भरात त्यांनाच उत्तरेत पाठवण्यात आले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर काय झाले, हे महाराष्ट्राच्या घराघरांत ठाऊक आहे. जयपूर आणि जोधपूर दूर राहिले, सुरजमल जाट आधीच बाजूला झाला होता. सदाशिवरावभाऊ, विश्वासराव आणि असंख्य वीर तेथे पडले. त्यांत धारचे यशवंतराव पवारही होते. वीस वर्षांपूर्वी माळव्याच्या शांततेसाठी ज्यांनी आपले नाव जामीन म्हणून लिहून दिले, तेच त्या करारातून वाढत गेलेल्या युद्धात बळी गेले.

नानासाहेब मदत घेऊन निघाले होते. जानेवारीच्या अखेरीस भेलशाजवळ त्यांना पराभवाची वार्ता मिळाली. माळव्याच्या ज्या मुलखाने त्यांच्या कारकिर्दीला पहिले मोठे यश दिले, त्याच मुलखात पुत्र आणि चुलतभाऊ गमावल्याची बातमी त्यांच्या कानी पडली. तेथून ते खचलेल्या स्थितीत पुण्यास परतले आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचे देहावसान झाले. वय जेमतेम चाळिशीचे होते.

त्यांच्यामागे पेशवेपद आले ते सोळा वर्षांच्या माधवरावांकडे. धारमध्ये यशवंतरावांचा वारस खंडेराव हा तर अजाण बालक होता. पुन्हा एकदा नव्या कारभाऱ्यांच्या हाती जुनी युद्धे आणि जुने कर्ज आले होते. निजाम चालून येत होता, हैदर डोके वर काढत होता, घरात चुलता रघुनाथराव अधिकारासाठी आतुर होता.

तरीही एक गोष्ट टिकली. पानिपतानंतर पंजाब आणि दिल्ली हातची गेली. माळव्यातही बंडाळी माजली, पण नोव्हेंबर १७६१ मध्ये मल्हाररावांनी मांगरोळ येथे माधोसिंहाचा पराभव केला आणि तो प्रांत मराठ्यांकडेच राहिला. इंदूर, उज्जैन, धार, देवास येथील मराठी घराणी तेथे रुजली, त्यांच्याबरोबर मराठी भाषाही रुजली. धार आणि देवासची संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन होईपर्यंत पवार कुळाकडे होती. नानासाहेबांनी जी युद्धे मर्यादा आखून, जामीन घेऊन मिटवली, त्यांचे फळ दोन शतके पुरले. जी युद्धे त्यांनी सावकारांच्या आणि सरदारांच्या ओढीवर सोडून दिली, ती त्यांच्या हयातीतच त्यांच्या घरावर उलटली.